दुधाचा दात जागा राखतो

जानेफळसारख्या गावांतल्या आपल्या वस्त्यांत अजूनही ऐकू येते, “दुधाचाच दात आहे, किडला तर पडेल.” इथेच आपण चुकतो.

दुधाचे 20 दात पक्क्या दातांची जागा राखतात. किडलेली दाढ वेळेआधी गेली, की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्का दात वाकडा येतो. सहाव्या वर्षी सर्वांत मागे येणारी दाढ तर पक्कीच असते.

चार वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय राहिली, तर पुढचे दात बाहेर येतात. त्यासाठी लेकराला मारू नका, समजावा. झोपताना गोड दुधाची बाटली नको. रात्री ब्रश हवाच.

अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले, की दातही तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते; आपल्या लेकरांचा तो हक्क आहे.