बाळगंगेचा चिखल आणि खारेपाटाची शेती

गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण तालुक्यातील जोहे गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. या परिसरातून बाळगंगा नदी वाहते. नकाशात ती बारीक रेघेएवढी दिसते. सह्याद्रीच्या उतारावरून आलेले तिचे पाणी धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. अशा लहान नद्या डोंगर झिजवतात आणि किनाऱ्याजवळ नवी जमीन घडवतात. ती कशी, ते आपण पाहू.

पावसाचा हिशेब

या भागात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १ चौरस किलोमीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी होते. मग ३००० मिलिमीटरचे किती? तीनशे कोटी लिटर! उतारावर झाडी असेल, तर यातले बरेच पाणी जमिनीत मुरते. उतार उघडा असेल, तर ते माती घेऊन धावत सुटते.

चिखल कुठे बसतो?

सपाटीवर पाण्याचा वेग मंदावतो. आधी गोटे, मग वाळू तळाशी बसते. पण चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतात. त्यांच्यावर ऋण विद्युत्भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात धनभारित आयन भरपूर असतात. त्यांच्यामुळे ही दूर लोटण्याची शक्ती कमी होते, कणांचे पुंजके बनतात व खाली बसतात. खाडीकाठचा चिखल साचण्याचे हे एक मोठे कारण आहे.

बांध आणि उघाडी

हीच चिखलाची जमीन बांध घालून लोकांनी भातशेतीखाली आणली. हा खारेपाट. बांधात पाणी सोडण्यासाठी दार असते, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते, तेव्हा दार मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. सुमारे २४ तास ५० मिनिटांत हे दोनदा घडते, तेही इंजिनावाचून!

मात्र बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते. जमिनीतले पाणी खारट झाल्यावर भाताच्या मुळांना ते शोषून घेणे कठीण जाते. हे मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. या बांधांसाठी १९४८ साली मुंबई प्रांतात आणि १९७९ साली महाराष्ट्रात कायदा झाला, तो उगीच नव्हे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. त्याच वेळी डोंगरात मुसळधार पाऊस झाला, तर उघाडी मिटलेली आणि मागून पूर, अशी कोंडी होते. भराव टाकून पात्र अरुंद केले असेल, तर पाणी आणखी चढते.

नदीची निगा

म्हणून निगा सगळ्या वाटेवर राखावी लागते. वर उतारावरची झाडी टिकवावी, मध्ये पात्र मोकळे ठेवावे, खाली कांदळवन तोडू नये. ते लाटांचा जोर कमी करून बांध वाचवते. मूर्तींचेही तसेच. शाडूची माती पाण्यात लवकर विरघळून पसरते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी घेऊन जिप्सम बनते, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम २ ग्रॅम विरघळते. त्यामुळे अशी मूर्ती पात्रात दीर्घकाळ पडून राहते.

करून पाहा

दोन काचेच्या पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ घालून दोन्ही ढवळा. दर १५ मिनिटांनी पाहा व वहीत नोंद करा. कोणते पाणी आधी निवळले? यातला कोणता पेला डोंगरपायथ्याची नदी आणि कोणता खाडी, हे वर्गात सांगा.