पोपच्या पलंगाखाली तिजोरी

माझी सगळी नोकरी जिल्हा कोषागारात गेली. त्यामुळे आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा बघताना प्रार्थनाघरांपेक्षा मी तिजोऱ्याच जास्त शोधत होतो. बायको वैतागली. पण माझं मत विचाराल तर हा वाडा कळतो तो पैशाच्या वाटेनंच.

पोप रोमचे, मग दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीकाठी त्यांचा वाडा कसा? पाचवे क्लेमेंट हे बोर्दोचे आर्चबिशप. १३०५ मध्ये ते पोप झाले, पण इटलीत गेलेच नाहीत. तिकडे सरदार घराण्यांच्या मारामाऱ्या, इकडे फ्रान्सच्या राजाचा दबाव. १३०९ मध्ये ते आव्हिन्योंला उतरले आणि हा तात्पुरता मुक्काम पुढे जवळजवळ सत्तर वर्षं हलला नाही. त्यांच्यानंतरचे बाविसावे जॉन हिशेबाला पक्के. चर्चमधलं पद मिळालं की पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा नजराणा पोपकडे भरायचा, ही वसुली त्यांनी शिस्तीत बसवली. तिजोरी भरली, मग बांधकाम निघालं.

१३३५ मध्ये बाराव्या बेनेडिक्टनी ते सुरू केलं. माणूस साध्या राहणीचा, मठातला. त्यांचा भाग किल्ल्यासारखा रुक्ष आहे. पुढचे सहावे क्लेमेंट शौकीन. त्यांनी शेजारी नवा वाडा उठवला आणि १३४८ मध्ये नेपल्सच्या राणी जोआनाकडून ८०,००० फ्लोरिनना अख्खं आव्हिन्यों विकत घेतलं. त्याच वर्षी गावात प्लेगनं माणसं मरत होती, तरी व्यवहार अडला नाही.

पोपच्या बुरुजात मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. खाली खजिन्याची खोली, तिच्यावर खजिना सांभाळणाऱ्या मुख्य कारभाऱ्याची, तिच्यावर पोपचं शयनगृह आणि त्याच्याही वर पुन्हा खजिना! खालच्या खोलीत जमिनीच्या फरशांखाली दगडी कप्पे आहेत. ते गेल्या शतकात उजेडात आले. इतका नेटका बंदोबस्त आमच्या स्ट्राँगरूमलाही नव्हता.

शयनगृहाला लागून सहाव्या क्लेमेंटची अभ्यासिका आहे. भिंतींवर शिकार, मासेमारी, फळं तोडणारी माणसं. संत एकही नाही! मला हा पोप इथेच आवडून गेला. प्रार्थनाघरांतली संतचित्रं इटलीच्या मात्तेओ जोव्हानेत्तीची. त्याला आणि त्याच्या मदतनिसांना दिलेल्या मजुरीच्या नोंदी पोपच्या हिशेबवह्यांत आहेत. त्या वह्या व्हॅटिकनच्या दफ्तरखान्यात आजही शाबूत आहेत.

चित्रांचं नशीब तेवढं बरं नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर वाड्याची बराक झाली आणि १९०६ पर्यंत इथे पलटणी राहिल्या. शिपायांनी चित्रांतले चेहरे खरवडून काढून विकले. आता तिकिटाबरोबर टॅब मिळतो. त्यात रिकाम्या दालनांतले पडदे, गालिचे, मेजवान्या सगळं रंगीत दिसतं. नातवंडं बरोबर असतील तर जरूर वापरा. पण सेंट जॉनच्या प्रार्थनाघरात मात्र तो खाली ठेवा आणि कोणकोणते चेहरे गेलेत ते भिंतीवरच बघा.