छोट्या विमानात अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर: बसवणं आणि कॅलिब्रेट करणं

मागच्या वेळी आपण स्टॉल म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच्याशीच जोडलेलं एक छोटं उपकरण बघू.

थोडी उजळणी करू. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. छोट्या विमानांत तो साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटते आणि लिफ्ट ढासळते. वेग कितीही असला तरी स्टॉल होतो तो या कोनामुळे.

पण वैमानिकासमोर असतो तो वेगाचा काटा. सेसना १७२ एस हे विमान घ्या. पूर्ण वजनात, फ्लॅप वर असताना आणि सरळ उडताना काट्यावर ४८ नॉट दिसले की ते स्टॉल होतं. उंची राखून ४५ अंश कलवून वळवलं तर हाच आकडा ५७ होतो आणि ६० अंशांवर ६८. धावपट्टीकडे वळताना अंदाज चुकला, वैमानिकानं विमान जास्त कलवून नाक ओढलं, तर ‘सुरक्षित’ वाटणाऱ्या वेगालाच पंख साथ सोडतो. आणि तिथे सावरायला खाली उंची उरलेली नसते.

म्हणूनच अमेरिकेच्या एफएएनं फेब्रुवारी २०१४ मध्ये छोट्या विमानांसाठी या इंडिकेटरची मंजुरी सोपी केली. अर्थात हे जोडीचं उपकरण आहे. मूळचा एअरस्पीड इंडिकेटर किंवा स्टॉल वॉर्निंग काढून त्या जागी हे लावता येत नाही.

आता बसवण्याकडे येऊ. एका प्रचलित प्रकारात पंखाखालचं तपासणीचं गोल झाकण काढतात आणि प्रोब असलेलं झाकण तिथे लावतात, त्यामुळे पंखाच्या पत्र्याला नवं भोक पाडावं लागत नाही. जागा पंख्याच्या झोताबाहेरची हवी. प्रोबला दोन छिद्रं असतात, एक समोर बघणारं आणि एक खाली तिरकं. कोन वाढला की दोन्हींवरच्या दाबांचं प्रमाण बदलतं. दोन नळ्या हा दाब पंखातून आत नेतात. नळी कुठे दबली किंवा गळली तर सगळं मोजमापच खोटं ठरतं, म्हणून गळती आधी तपासायची. डिस्प्ले डॅशबोर्डच्या वर, बाहेर बघतानाच दिसेल असा लावायचा. काम परवानाधारक मेकॅनिकचं, आणि त्याची लॉगबुकात नोंद हवीच.

इथवर उपकरणाला फक्त दाब कळतो. किती दाबाला आपला पंख स्टॉल होतो, हे त्याला ठाऊक नसतं. ते शिकवणं म्हणजे कॅलिब्रेशन.

आधी जमिनीवर, वारा नसताना शून्य लावायचं. मग शांत हवेत, भरपूर उंचीवर जायचं. एकानं विमान सांभाळायचं, दुसऱ्यानं बटण दाबायचं. क्रूझ, अप्रोच आणि स्टॉलच्या जवळची स्थिती अशा खुणा नोंदवायच्या. क्रम आणि फ्लॅपची स्थिती उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवायची, कारण फ्लॅप उतरवले की स्टॉलचा कोनही बदलतो.

अप्रोचची खूण बहुधा स्टॉलच्या वेगाच्या १.३ पटीवर लावतात. इथेच गफलत होते. ४८ गुणिले १.३ म्हणजे ६२, असं आपण पटकन म्हणतो. पण कमी वेगात एअरस्पीड इंडिकेटर कमी दाखवतो. १७२ एसमध्ये काट्यावर ४८ असताना दुरुस्त केलेला वेग सुमारे ५३ नॉट असतो. त्याची १.३ पट म्हणजे ६९, आणि त्या टप्प्यात काटाही जवळपास ६९ च दाखवतो. खूण ६२ वर लावली तर तिथला खरा वेग ६४ च्या आसपास, म्हणजे १.३ ऐवजी जेमतेम १.२ पट. जुन्या काट्याची चूक नव्या उपकरणात उतरली, आणि तेच उपकरण आता ‘ठीक आहे’ म्हणतंय! विमानाच्या पुस्तिकेतला वेग-दुरुस्तीचा तक्ता उघडायचा तो यासाठी. तिथले स्टॉलचे आकडे पूर्ण वजनाचे असतात. त्या दिवशी विमान हलकं असेल तर तोही हिशेब धरायचा.

चुकीचं कॅलिब्रेशन किती महाग पडू शकतं याचं मोठ्या विमानातलं उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. कारणं अनेक होती. त्यांतलं एक म्हणजे डावीकडचा अँगल ऑफ अटॅक सेन्सर दुरुस्तीच्या वेळी २१ अंशांनी चुकीचा लावला गेला होता.

म्हणून खुणा लावून झाल्या की काम संपत नाही. प्रशिक्षकाला सोबत घेऊन, उंचीवर, सरळ उड्डाणात आणि वळणात स्टॉलच्या जवळ जायचं. वेग वेगळे येतील, पण दिवा दोन्ही वेळा त्याच खुणेवर पेटला पाहिजे. तसा पेटत नसेल, तर नळ्या आणि कॅलिब्रेशन पुन्हा तपासेपर्यंत त्या डिस्प्लेवर भिस्त ठेवायची नाही.

पुढच्या व्याख्यानात स्पिनकडे वळू.