वायदा आणि आश्वासन

कर्जत तालुक्यात, आठवडी बाजार भरतो अशा एका गावात माझ्या वडिलांचं किराणामालाचं छोटं दुकान होतं. दुकानात लाल कापडाच्या बांधणीची एक वही असे, उधारीची. ठाकूर, कातकरी, आगरी, मराठा, मुसलमान, सगळ्यांची नावं तिच्यात एकाखाली एक. नावापुढे माल: तांदूळ, मीठ, घासलेट. मालापुढे रक्कम. आणि शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'वायदा'. त्या रकान्यात वडील लिहीत : 'भात झोडल्यावर', 'गौरी-गणपतीला', 'वीटभट्टीवरून आल्यावर'. शाळेतून आल्यावर ती वही वाचायचं काम माझ्याकडे असे. वडील म्हणायचे, ''वायद्याशिवाय उधारी म्हणजे खैरात, आणि खैरात करायची आपली ऐपत नाही.''

हाच शब्द आमच्या घरात उर्दूतून 'वादा' होऊनही यायचा. मुशायऱ्यातला वादा बहुतेक मोडण्यासाठीच केलेला असतो. तो पाळला गेला तर शायराने लिहायचं तरी काय? पण दुकानातल्या वायद्याला अशी सवलत नसते. तिथे वायदा म्हणजे मुदत. देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि दिवस, तिन्ही ठरलेलं असतं.

आता दुसरा शब्द घेऊ. आश्वासन. या शब्दाच्या पोटात श्वास आहे. घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायचा, त्याचा कोंडलेला श्वास मोकळा करायचा, हे आश्वासन. त्यात धीर आहे, दिलासा आहे. रक्कम आणि तारीख मात्र नाही. सरकारं आश्वासनं देतात आणि लोक ती वायदा म्हणून ऐकतात. आमच्या कर्जत-खालापूरकडे लोक सरकारवर चिडलेले दिसतात, त्या चिडीचं मूळ मला या दोन शब्दांमधल्या अंतरात सापडतं. चीड एका पक्षावरची नाही. सरकारं बदलली तरी ती उरतेच.

हा भाग देण्यात कधी मागे राहिलेला नाही. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली येतं, त्यावर वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. त्या तारांखालच्या वाड्यांवर दिवा लागायला मात्र स्वातंत्र्यानंतरचीही कित्येक वर्षं जावी लागली. पुढे खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण झालं. 2002 साली ते नवी मुंबई महापालिकेने विकत घेतलं. एका मोठ्या शहराची तहान आज त्या धरणावर भागते. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाच्या आणि नोकऱ्यांच्या मागण्या मात्र पुढे वर्षानुवर्षं मोर्च्यांतून ऐकू येत राहिल्या.

या मोरब्याच्या पाण्यावर इर्शाळगडाची सावली पडते. गडाच्या अंगावर इर्शाळवाडी होती, ठाकरांची वस्ती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर आला. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली आणि 23 जुलैला शोध थांबवावा लागला. सव्वादोनशेच्या आसपास वस्तीची वाडी, त्यातली 84 माणसं गेली. वाडीला रस्ता नव्हता. नानिवलीकडून दीड-दोन तासांची चढण. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून माणसांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. मदतीला निघालेला नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच गेला. ज्या शहराला खालचं धरण पाणी पाजतं, त्या शहराचा माणूस वरच्या वाडीसाठी धावला होता.

दुसऱ्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः पायी वर गेले. हे कुणी नाकारू नये. संकटात आपला माणूस आला, याचा आधार लोकांना खरंच वाटला. विधानसभेत सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं गेलं आणि कायमची घरं बांधायचं काम सिडकोकडे सोपवलं गेलं. पहिलं वर्षश्राद्ध आलं, जुलै 2024 मध्ये, तेव्हाही ही कुटुंबं कंटेनरमध्येच होती. आमच्याच जिल्ह्यातलं तळिये आठवा. महाड तालुक्यातल्या त्या गावावर 22 जुलै 2021 ला दरड कोसळली. तिथली घरं म्हाडाने बांधायची होती. दोन वर्षांनी इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा तळियेचं पुनर्वसनही पुरं झालेलं नव्हतं.

घर बांधायला वेळ लागतो, हे कळतं. जागा शोधायची, सपाटी करायची, पाणी-रस्ता आणायचा. पण हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून सांगता येतं : जागा अमुक महिन्यात, पाया अमुक महिन्यात, किल्ली अमुक दिवशी. लोक उशीर सोसतात. पुढच्या पावसापर्यंत आपण कुठे असू, हे कुणीच सांगत नाही, ते त्यांना सोसत नाही.

घोषणा झाली की काम सुरू झालं, असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथून तिची पायपीट सुरू होते. आधी अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता. मग तांत्रिक मान्यता. मग अर्थसंकल्पात तरतूद. तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं नाही. तो निधी वितरित व्हावा लागतो. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि मग कुठे कुदळ. यातल्या कुठल्याही पायरीवर घोषणा वर्षभर बसून राहू शकते, आणि ती कुठे बसली आहे हे गावाला कळत नाही. 'काम मंजूर आहे' हे वाक्य आपण ऐकतो, ते यातल्या पहिल्या-दुसऱ्या पायरीचं असतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन आणि मैदानातल्या सभेत दिलेलं आश्वासन यांची किंमत एक नसते. विधिमंडळात आश्वासन समिती आहे. सभागृहात मंत्री 'करू', 'चौकशी करतो' म्हणाले तर त्याची नोंद होते आणि पुढे काय झालं हे समिती विचारू शकते. संसदेत तर अशी आश्वासनं तीन महिन्यांत पुरी करावीत असा दंडक आहे. मुदत वाढवून घ्यावी लागते. जत्रेतल्या, उद्घाटनातल्या, प्रचारसभेतल्या शब्दाला असा कुठलाच जमाखर्च नाही. आणि आपल्या वाट्याला येतात ते बहुतेक हेच शब्द.

पाण्याचं उदाहरण घ्या. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ आणि उभे उतार. पाणी मुरायच्या आत वाहून जातं. शिमगा झाला की वाड्यांवरच्या विहिरी तळाला जातात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्यातले डवरे शोधत फिरतात. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. 2024 पर्यंत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ, माणशी दिवसाला 55 लिटर पाणी. इथे रक्कम होती, माप होतं आणि सालही होतं. म्हणजे हा वायदा होता. म्हणूनच तो लोकांच्या लक्षात राहिला. 1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही मुदत 2028 पर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी राज्यातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत होते.

आमच्याकडे एका वाडीवर गेलो होतो. दारोदार नळाच्या तोट्या उभ्या होत्या, चकचकीत. एका म्हातारीला विचारलं, ''आजी, पाणी येतं का?'' ती म्हणाली, ''नळ आला, पानी यायचा हाय.'' तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने तोटीला दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळत घातले होते. आधी नळ टाकायचा आणि पाण्याचा उगम मागाहून पाहायचा, असं झालं की हेच होतं. जिथे उन्हाळ्यात विहीरच आटते, तिथे तिच्यावर जोडलेली तोटी पाणी कुठून आणणार? कातळावर आधी बंधारा हवा, साठवण हवी, नळ त्यानंतरचा.

आता पैशाकडे वळू, कारण शेवटी प्रश्न ऐपतीचाही आहे. 10 मार्च 2025 ला महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात महसुली तूट 45 हजार 891 कोटी रुपये होती. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं असा रोजचा खर्च कमाईपेक्षा जास्त. घरात दळण-मीठ उसनं आणावं लागतं तसं. राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. लाडकी बहीण योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात खरोखर आले, हेही सांगितलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे मोजलेल्या बायका मी आमच्या बाजारात पाहिल्या आहेत. पण नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यात दीड हजारांचे एकवीसशे होणार होते, आणि त्या मार्चच्या अर्थसंकल्पात ते झाले नाहीत.

आणि उसनवारीचा भार शेवटी कुणावर पडतो? मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे 335 कोटींहून अधिक रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय विभागाचेही वळवले गेले, आणि त्या विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. म्हणजे वाडीवरच्या बाईच्या एका हातात दीड हजार ठेवायचे, आणि तिच्या मुलांच्या आश्रमशाळा, वसतिगृहं ज्या विभागाकडे, त्याच्या पेटीतून पैसे काढायचे. माझ्या वडिलांच्या वहीत याला 'या खात्यावरून त्या खात्यावर' म्हणत. त्यात देणं फिटत नाही, फक्त पान बदलतं.

कर्जमाफीचंही असंच झालं. तीही जाहीरनाम्यात होती. मार्च 2025 च्या अखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना स्पष्ट सांगितलं की 31 मार्चपर्यंत पीककर्ज भरून टाका. मग ऑक्टोबर 2025 मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूरला रस्ते अडवले, आणि त्या आंदोलनानंतर सरकारने 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. मला यात महत्त्वाची वाटते ती तारीख. आश्वासनाचा वायदा झाला तो त्या दिवशी, आणि तो करून घ्यायला माणसांना ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर बसावं लागलं.

वायदा कसा पाळतात हे या मातीला नवीन नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, आपले भाई कोटवाल, यांनी या भागात धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराच्या दारी जाण्याऐवजी शेतकऱ्याने, आदिवासीने कोठीतून धान्य न्यायचं आणि सुगीला परत आणून घालायचं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर भाई कोटवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, ते आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांच्यामागे माणसं उभी राहिली त्यामागे ती धान्यकोठीही होती. लोकांनी त्यांच्या भाषणाच्या आधी त्यांचा शब्द आषाढात आजमावून पाहिला होता.

आपल्या हाती काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच. माहितीचा अधिकार 2005 साली आला. दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं की आमच्या वाडीच्या कामाची प्रशासकीय मान्यता कधीची, निधी किती आला, कार्यारंभ आदेशावर काम पुरं करायची तारीख कोणती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्यात विलंबाला प्रतिबंध करणारा कायदाही आहे. साधारणपणे कुणाही कर्मचाऱ्याने फाईल सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ आपल्याकडे अडवून ठेवायची नाही, असं तो सांगतो. आणि ग्रामसभा तर आपलीच आहे.

अशाच एका ग्रामसभेत मी मागे बसलो होतो. पाण्याचा विषय निघाला. 'लवकरच होईल' असं उत्तर आलं. एक म्हातारा ठाकर उठला, हात जोडले आणि म्हणाला, ''सायेब, लवकर म्हंजे कवा, ती तारीख तेवडी लिवा.'' लोक हसले. पण ग्रामसेवकाने प्रोसिडिंगमध्ये महिना लिहिला. तो महिना आला आणि गेला, पाणी आलं नाही. पण पुढच्या सभेत म्हाताऱ्याने ते पान उघडायला लावलं. या वेळी कुणी हसलं नाही. काम कुठे अडलं आहे, कुणाच्या सहीसाठी अडलं आहे, हे त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं. आता तिथल्या लोकांनी त्याच सहीच्या मागे लागायचं ठरवलं आहे.