चिपीचं विमान तीन वर्षांत का थांबलं?

कोकणच्या वाटा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण रोह्यापर्यंत आलो होतो. कोकण रेल्वे तिथून सुरू होते, पण गाड्या येतात त्या आपटा, जिते, हमरापूर, पेण करत. जित्यासारख्या स्टेशनात दिवा-रोहा गाडी थांबते, सावंतवाडी-मडगावकडच्या गाड्या मात्र सुसाट निघून जातात. गणपतीत त्यांची आरक्षणं कशी संपतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा तळकोकणात खरोखर आनंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बंद पडलं. बरोबर तीन वर्षांनी.

हा तीन वर्षांचा आकडा कुठून आला, ते समजलं की छोट्या विमान कंपन्यांचं सगळं अर्थकारण समजतं.

‘उडान’ योजना २०१६ मध्ये जाहीर झाली. लहान गावाचा मार्ग घेणाऱ्या कंपनीने ठरावीक जागा सवलतीच्या भाड्यात विकायच्या (सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला सुमारे २,५०० रुपये) आणि खर्चातली तूट सरकारने भरून द्यायची. शिवाय त्या मार्गावर काही काळ दुसरा स्पर्धक नाही. ही मदत तीन वर्षं मिळते. तेवढ्या मुदतीत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा हिशेब. पुष्कळ ठिकाणी तो चुकला. नांदेड, जळगाव, कोल्हापूरला जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, एअर डेक्कनने अठरा आसनी विमानांनी नाशिक आणि जळगाव मुंबईला जोडले होते. त्या फेऱ्याही टिकल्या नाहीत.

प्रवासी नव्हते म्हणून हे झालं, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मोठी अडचण मुंबईत आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, म्हणजे स्लॉट, तिथे सोन्याच्या मोलाचा. सत्तर प्रवाशांचं विमान उतरो की एकशे ऐंशींचं, स्लॉट एकच खर्ची पडतो. मग लहान गावाच्या वाट्याला अडनिडी वेळ येते. सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परतता आलं नाही, तर व्यापारी, वकील, रुग्ण त्या विमानाकडे फिरकणार कशाला?

आता विमानाकडे वळू. या कंपन्या बहुधा एटीआर-७२ वापरतात. फ्रेंच-इटालियन बनावटीचं, पंख्यांचं, साधारण सत्तर आसनांचं हे विमान जेटपेक्षा हळू उडतं, पण तासाभराच्या मार्गावर तो फरक काही मिनिटांचाच असतो आणि इंधन बरंच कमी लागतं. त्याहून महत्त्वाचा आहे कर. चाळीस टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावरील विक्रीकराला केंद्राच्या कायद्याने मर्यादा घातली आहे. मोठ्या विमानांना हे संरक्षण नाही. मुंबई, पुणे आणि आपल्या रायगड जिल्ह्यात त्यांच्या इंधनावरचा कर २०२३ मध्ये २५ टक्क्यांवरून १८ वर आला. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंगचं शुल्कही माफ असतं. लहान विमान निवडण्यामागे एवढा विचार असतो.

तरी धोका राहतोच. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. ताफ्यात दोन-तीनच विमानं असली आणि एक जमिनीवर बसलं, की दिवसाच्या अनेक फेऱ्या कोलमडतात, कारण तेच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत चार-सहा गावं करत असतं.

या सगळ्यातून शिकून आलेली कंपनी म्हणजे गोव्याची फ्लाय ९१. मनोज चाको यांच्या नेतृत्वाखाली १८ मार्च २०२४ रोजी तिची नियमित सेवा सुरू झाली. सुरुवातीला हाताशी दोनच एटीआर होती. तळ मोपाला. कंपनीच्या नावातला आकडा भारताच्या दूरध्वनी संकेतांकाचा, आणि तिला मिळालेली ‘आयसी’ ही अक्षरं एके काळी इंडियन एअरलाइन्सची होती. मुंबईच्या स्लॉटची वाट पाहत न बसता तिने सिंधुदुर्ग, जळगाव ही गावं गोवा, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूशी बांधली. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा सुरू केलं. माझ्या मते हे शहाणपण आहे. मात्र चाकरमान्याचं गाव मुंबईलाच जोडलं गेलं पाहिजे. पुणे-चिपी विमानाने लालबागच्या माणसाची सोय होत नाही.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पेण-जित्याहून ते मुंबई विमानतळापेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथे स्लॉटची वाटणी आत्ता कुठे आकार घेते आहे. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक स्लॉट कोकणासाठी राखून ठेवा, आणि मदतीची मुदत मार्ग पाहून ठरवा, अशी मागणी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन आजच केली पाहिजे. त्या वेळा एकदा मोठ्या कंपन्यांकडे गेल्या, की परत मिळत नाहीत.

(पुढील लेखांकात : रेवस-मांडव्याची जलवाहतूक)