ज्वारीच्या भाकरीचा एक दिवस

सकाळी 7. भाकरीच्या पचनाची सुरुवात परातीतच होते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून पिठात कढत पाणी घालायचं. त्याने स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि थापताना भाकरी कडेला चिरत नाही. उरलेलं तवा करतो. कच्च्या स्टार्चच्या घट्ट कणांपुढे आपले पाचकरस थिटेच पडतात.

दुपारी 1. डबा उघडला. एक तुकडा पिठलं न लावता मिनिटभर नुसता चावा, गोडसर लागेल. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. लाळेतलं अमायलेज त्या तोडून माल्टोज ही साखर तयार करतं. भराभर गिळणाऱ्याला हा गोडवा कळतच नाही.

दीड. जठरातलं आम्ल घासाच्या गाभ्यापर्यंत झिरपेपर्यंत लाळेचं काम चालतं, मग थांबतं. स्टार्च तोडणारा रस जठराकडे नाही.

दोन. खरी मेहनत लहान आतड्याची. आंबट लापशी थोडी थोडी उतरते, स्वादुपिंडातून आलेलं बायकार्बोनेट तिचं आम्ल मारतं आणि तिथलंच अमायलेज उरलेल्या साखळ्यांवर तुटून पडतं. फांद्या फुटतात त्या सांध्यांवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. ते सोडवणारी विकरं आतड्याच्या अस्तरावरच बसलेली असतात. सुटं झालेलं ग्लुकोज सोडियमच्या सोबतीने पेशीत शिरतं, तिथून रक्तात आणि थेट यकृताकडे.

तीन. निरोगी माणसाची साखर एव्हाना इन्सुलिनमुळे डेसिलिटरला 140 मिलिग्रॅमच्या खाली आलेली असते. यकृत ग्लुकोजच्या साखळ्या जोडून जेमतेम 100 ग्रॅम ग्लायकोजेन साठवतं. स्नायू त्याहून बरंच जास्त ठेवतात, पण ते फक्त स्वतःपुरतं.

संध्याकाळी 7. डब्यात गार झालेल्या भाकरीतला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला गेलेला असतो. तो न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून वायूही होतो आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेटही. पण हा वाटा थोडाच. मधुमेह असेल तर ‘गार भाकरीने साखर वाढत नाही’ या भरवशावर गोळी चुकवू नका.

पहाटे 3. मेंदूला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं, झोपेतही. यकृत साठा फोडून ते रक्तात सोडतं. उपाशीपोटीच्या तपासणीत दिसते ती साखर मुख्यतः हीच, यकृताने सोडलेली.