व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घरी बनवताना

घरगुती प्रीअँप्लिफायरसाठी बहुतेक हौशी लोक ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह घेतात. एकाच काचेत दोन ट्रायोड असल्याने स्टीरिओचे दोन्ही चॅनल त्यातच भागतात. प्रत्येक ट्रायोडच्या प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम आणि ग्रिडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की सिग्नल सुमारे ५० पट मोठा होतो. सीडी प्लेअरसाठी हे जास्तच. म्हणून व्हॉल्यूम कंट्रोल ग्रिडच्या आधी ठेवतात. फिलामेंटच्या तारांना पीळ घालावा, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते.

खरी काळजी मात्र वीजपुरवठ्याची घ्यावी लागते. प्लेटसाठी सुमारे २५० व्होल्ट डीसी लागतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर हा भार धरून ठेवतो. त्या झटक्याने जीव जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या १२ व्होल्टवर हात बसलेले लोक नेमके इथेच फसतात. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला, तर मिनिटभरात व्होल्टेज एकच्या आसपास उतरते. पण रेझिस्टरचा डाग सुटलेलाही असू शकतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी दर वेळी मीटर लावून पाहायचे.